पोचल्यावर कळव!

(सदर : संगणकाशी गट्टी)



सुट्टीत मामाच्या गावाला निघालात, की एसटीत बसवून देताना आई काय काय सांगते? "हात खिडकीबाहेर काढू नकोस" हे पहिलं. "डबा वेळेवर खा" हे दुसरं. आणि गाडी सुटता सुटता तिसरं, "पोचल्यावर कळव रे!" गाडीत बसवलं म्हणजे लेकरू पोचलं, असं आई कधीच धरून चालत नाही. मामाकडून निरोप आला की मगच तिचा जीव भांड्यात पडतो.

आज आपण फायलींचा असाच प्रवास पाहणार आहोत. आपल्या संगणकातली फाईल दूरच्या संगणकावर कशी जाते? ती पोचली हे कसं कळतं? आणि हे काम स्वतः प्रोग्रॅम लिहून करायचं असेल, तर किती ओळी लिहाव्या लागतात? घाबरू नका. फार तर सहा!

आधी एक शंका दूर करू. वर्गात मुलं हमखास विचारतात, "बाई, फाईल पाठवली की आपल्याकडची जाते का?" नाही हं! जाते ती नक्कल. मूळ फाईल जागच्या जागी राहते. फळ्यावरचं गणित वहीत उतरवून घेतलं, तरी फळ्यावरचं पुसलं जात नाही, तसंच. मूळ फाईल पुसली जाते ती आपण स्वतः पुसली तरच. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

दूरचा संगणक आणि बोलण्याची रीत

समजा, चौथीच्या वर्गानं वर्षभर खपून एक हस्तलिखित तयार केलं. कविता, कोडी, चित्रं, आजीच्या ओव्या, सगळं त्यात आहे. प्रत एकच. तिच्या पानांचे फोटो काढले, ते शाळेच्या संगणकात ठेवले. आता ते अशा संगणकावर न्यायचे आहेत, जो दिवसरात्र चालू असतो आणि मागेल त्याला फाईल काढून देतो. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. तो दुसऱ्या गावी असेल, नाहीतर दुसऱ्या देशात.

दोन संगणकांना एकमेकांशी बोलायचं तर बोलण्याची रीत ठरलेली हवी. आधी कोणी बोलायचं, नाव कसं सांगायचं, फाईल कशी द्यायची. या ठरलेल्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. फायली पाठवण्याचा एक जुना आणि प्रसिद्ध प्रोटोकॉल म्हणजे एफटीपी, म्हणजेच फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल.

आणि गंमत ऐका. या रीतीचा पहिला मसुदा लिहिला एका भारतीयानं! त्यांचं नाव अभय भूषण. कानपूरच्या आयआयटीच्या अगदी पहिल्या तुकडीतले ते विद्यार्थी. १९६५ साली तिथून अभियंता होऊन बाहेर पडले आणि अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत शिकायला गेले. तेव्हा इंटरनेट नव्हतं. त्याच्या आधीचं 'अर्पानेट' नावाचं छोटं जाळं होतं. त्या जाळ्यावरच्या वेगवेगळ्या जातीच्या संगणकांना फायली देता-घेता याव्यात म्हणून अभय भूषण यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी हे नियम मांडले. पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या. आज जे नियम मुख्य मानले जातात, ते ऑक्टोबर १९८५ मधले आहेत.

तयार भाजणी

आता 'लायब्ररी' हा शब्द समजून घेऊ. इथे पुस्तकांच्या कपाटाचा संबंध नाही बरं का! थालीपीठ करायचं आहे. धान्यं निवडा, भाजा, दळून आणा, असं दर वेळी केलं तर दिवस जाईल. म्हणून आई भाजणीचं पीठ डब्यात भरून ठेवते. मग काय, पीठ घ्या, भिजवा, थापा! प्रोग्रॅम लिहिणारेसुद्धा असंच करतात. जे काम सगळ्यांना वारंवार लागतं, त्याचा कोड कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवतो. बाकीचे तो नुसता मागवून घेतात. अशा तयार कोडच्या डब्याला लायब्ररी म्हणतात.

पायथॉन ही संगणकाची भाषा तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. गिडो व्हॅन रॉसम या नेदरलँड्सच्या गृहस्थांनी ती १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांना दिली. या भाषेबरोबरच 'एफटीपीलिब' नावाची एक छोटी लायब्ररी फुकट मिळते. ती वापरून आपल्या हस्तलिखिताचं एक पान पाठवायचं, तर आपण एवढंच सांगायचं :

१. एफटीपीलिबला बोलाव.
२. अमुक सर्व्हरशी जोडणी कर.
३. हे नाव आणि हा पासवर्ड सांगून आत जा.
४. आपल्याकडची फोटोची फाईल उघड.
५. ती 'पान१' या नावानं तिकडे ठेव.
६. निरोप घे.

झाल्या की नाही सहा ओळी? पण या सहा ओळींमागे लायब्ररी किती बडबड करते, ते ऐकायला हवं. चला, एक नाटुकलं करू. पात्रं दोनच.

नाटुकलं : दार क्रमांक २१

संगणक : (सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या दारावर टकटक करतो.)
सर्व्हर : २२०. तयार आहे, बोला.
संगणक : यूजर, चौथी-अ.
सर्व्हर : ३३१. नाव कळलं. आता पासवर्ड सांगा.
संगणक : पास, (गुपित शब्द सांगतो.)
सर्व्हर : २३०. या आत.
संगणक : टाइप आय. फाईल जशीच्या तशी हवी आहे.
सर्व्हर : २००. ठीक.
संगणक : सामान कुठून देऊ?
सर्व्हर : २२७. दुसरं दार उघडलं आहे. त्याचे आकडे लिहून घ्या.
संगणक : स्टोर, पान१.
सर्व्हर : १५०. आणा, घेतो.
(दुसऱ्या दारातून फाईल जाते.)
सर्व्हर : २२६. मिळालं.
संगणक : क्विट.
सर्व्हर : २२१. अच्छा!

(पडदा)

पाहिलंत? सर्व्हर दर वेळी आधी एक तीन आकडी संख्या सांगतो. पुढचे शब्द माणसांसाठी असतात, ते प्रत्येक सर्व्हरवर वेगळे असू शकतात. संगणक विश्वास ठेवतो तो आकड्यावर.

त्या आकड्यात पहिला अंक महत्त्वाचा :

१ म्हणजे 'सुरू केलं, थांबा.'
२ म्हणजे 'झालं.'
३ म्हणजे 'आणखी काही सांगा.'
४ म्हणजे 'आत्ता जमत नाही, पुन्हा प्रयत्न करा.'
५ म्हणजे 'असं जमणार नाही. तुमचं काहीतरी बदला.'

म्हणून पासवर्ड चुकला की ५३० येतो. तोच चुकीचा पासवर्ड शंभर वेळा सांगा, दार उघडणार नाही! पण ४२१ आला तर समजायचं, सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही. थोडं थांबून पुन्हा दार वाजवावं.

लायब्ररी हे सगळे आकडे आपल्यासाठी वाचते. ४ किंवा ५ आला की ती ओरडते आणि प्रोग्रॅम थांबवते. काही मोठी माणसं काय करतात, ठाऊक आहे? त्यांना ती लाल अक्षरं आवडत नाहीत. म्हणून 'चूक आली तर गप्प बस' अशी एक ओळ प्रोग्रॅममध्ये लिहून टाकतात. मग प्रोग्रॅम शहाण्या मुलासारखा शेवटपर्यंत चालतो, आणि फाईल मात्र गेलेलीच नसते! मुलांनो, लायब्ररी ओरडली तर तिला ओरडू द्या. ती काय म्हणते ते वाचा.

दुसऱ्या दाराचं गणित

एफटीपीत दोन वाटा असतात. एक बोलण्याची, दुसरी सामानाची. सामानाच्या दाराचा क्रमांक सर्व्हर कोड्यातच सांगतो. २२७ च्या पुढे तो सहा संख्या देतो. पहिल्या चार म्हणजे त्याचा पत्ता. शेवटच्या दोन म्हणजे दार. पाचव्या संख्येला २५६ ने गुणायचं आणि सहावी मिळवायची. समजा, शेवटच्या दोन संख्या १९५ आणि ८० आहेत.

१९५ × २५६ = ४९,९२०
४९,९२० + ८० = ५०,०००

म्हणजे सामानाचं दार क्रमांक ५०,०००. गुणाकार कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्यांना हे नक्की दाखवा!

फाईल सगळी एकदम उचलली जात नाही. एफटीपीलिब एका वेळी ८,१९२ बाइट उचलते. आपल्या पानाचा फोटो २०,४८,००० बाइटांचा असेल, तर तिच्या बरोबर २५० खेपा होतात.

आता नाटुकल्यातलं 'टाइप आय' आठवा. ते कशासाठी? साधा मजकूर पाठवण्याची एक वेगळी तऱ्हा आहे. विंडोजमध्ये ओळ संपल्याची खूण १३ आणि १० अशा दोन आकड्यांची असते, लिनक्समध्ये नुसती १० ची. मजकुराच्या तऱ्हेनं फाईल पाठवली, तर ही खूण वाटेत बदलली जाते. मजकुराला ते चालतं. पण फोटोतला १० म्हणजे ओळीचा शेवट नव्हे, तो तर रंगाचा एखादा कण सांगत असेल. तिथे कोणी मध्येच १३ घुसवला की फोटो बिघडलाच! म्हणून फोटो, गाणी, चित्रफिती 'जशीच्या तशी' याच तऱ्हेनं पाठवायच्या. एफटीपीलिबमध्ये या दोन तऱ्हांसाठी दोन वेगवेगळ्या आज्ञा आहेत. कोणती वापरायची, हे आपण ठरवायचं.

अर्धं पान

आता खरी मेख ऐका. फाईल संपली, हे सर्व्हरला कसं कळतं? आपण सामानाची वाट बंद केली की त्याला वाटतं, संपलं. पण २५० खेपांपैकी १२० झाल्या आणि तेवढ्यात वाट आपोआप तुटली तर? तिकडे अर्धंच पान पोचलेलं असतं. आणि सर्व्हरला कधी कधी हेही कळत नाही, की फाईल संपली आहे की वाट तुटली आहे. तिथे 'पान१' हे नाव तर दिसतं! नाव पाहून एखादा म्हणतो, "झालं, पोचलं." आणि संगणकात जागा हवी म्हणून आपल्याकडचा मूळ फोटो पुसून टाकतो. पुढे कधी हस्तलिखिताला वाळवी लागली, तर आजीच्या ओव्यांचं ते पान कायमचं गेलं.

म्हणून जाणकार माणसं तीन गोष्टी करतात.

पहिली. फाईल थेट खऱ्या नावानं ठेवत नाहीत. आधी 'पान१-अपुरे' असं नाव देतात. पूर्ण गेली की तिकडेच नाव बदलून 'पान१' करतात. त्यामुळे खरं नाव दिसलं, म्हणजे फाईल पुरी आहे, असा भरवसा राहतो. नाव बदलण्याची आज्ञा एफटीपीलिबमध्ये आहे.

दुसरी. सर्व्हरला विचारतात, "तुझ्याकडे या फाईलचे बाइट किती?" आपल्याकडे २०,४८,००० आणि तिकडे ९,८३,०४० असतील, तर पान अर्धंच आहे हे उघड झालं.

तिसरी. नुसती लांबी जुळली म्हणून भागत नाही. १२३ आणि १३२, दोन्हींत अंक तीनच, पण संख्या वेगळ्या! म्हणून फाईल परत मागवून घेतात आणि दोन्हींचा 'ठसा' काढून पाहतात. पायथॉनबरोबर येणारी आणखी एक लायब्ररी, 'हॅशलिब', कोणत्याही फाईलमधून ६४ खुणांचा असा ठसा काढून देते. फाईलमध्ये एक बाइट जरी बदलला, तरी ठसा पार बदलतो. दोन्ही ठसे जुळले, की समजायचं, पान सुखरूप पोचलं. मूळ फाईल पुसायचा विचार त्यानंतरच करायचा. अनमोल वस्तू असेल, तर त्यानंतरही करू नये!

पोस्टकार्डावरचं गुपित

नाटुकल्यात एक गोष्ट तुम्हाला खटकली का? संगणकानं पासवर्ड चक्क मोठ्यानं सांगितला! जुन्या एफटीपीत पासवर्ड असाच उघडा जातो. पोस्टकार्डावर लिहिलेला मजकूर वाटेतला कोणीही वाचू शकतो, तसाच हाही वाटेत कान लावून बसलेल्याला ऐकू जातो. १९७१ साली जाळ्यावर मोजकी, ओळखीची माणसं होती. तेव्हा कोणाला चिंता वाटली नाही.

पण १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात एक भलतीच गोष्ट उघडकीला आली. तिथल्या जाळ्यात कोणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्रॅम लपवून ठेवला होता. तिथले एक संशोधक तातू इलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी 'एसएसएच' तयार केलं. यात सगळं बोलणं सांकेतिक भाषेत होतं. कान लावणाऱ्याला नुसता गोंधळ ऐकू येतो. एफटीपीचं दार २१, टेलनेट या दुसऱ्या जुन्या सेवेचं दार २३. मधलं २२ रिकामं होतं. इलोनेन यांनी ते मागितलं आणि त्यांना ते मिळालं. आजही एसएसएच २२ क्रमांकाच्याच दारातून चालतं. त्याच्या आधारानं फायली पाठवण्याची जी रीत आहे, ती 'एसएफटीपी'. नाव सारखं वाटतं, पण ही रीत वेगळी आहे. जुन्या एफटीपीवर सांकेतिक भाषेचं पांघरूण घालायची सोयसुद्धा एफटीपीलिबमध्ये आहे. मात्र बोलण्याची वाट झाकली, तरी सामानाची वाट झाकायला वेगळं सांगावं लागतं, हे विसरायचं नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी तर २०२१ साली एफटीपीची सोय काढूनच टाकली.

एसएफटीपीसाठी पायथॉनमध्ये 'पॅरामिको' नावाची लायब्ररी वापरतात. ती मात्र वेगळी आणावी लागते. तिचं नाव एस्परांतो भाषेतल्या दोन शब्दांपासून केलं आहे. एकाचा अर्थ संशयी, दुसऱ्याचा मित्र. संशयी मित्र! आणि तो नावाप्रमाणेच वागतो. अनोळखी सर्व्हर दिसला की म्हणतो, "याला मी ओळखत नाही. मी जोडणी करणार नाही." मग आपण सर्व्हर सांभाळणाऱ्यांना विचारून त्याची ओळखखूण ताडून पाहायची. इथेही घाईची माणसं 'कोणीही आला तरी हो म्हण' अशी ओळ लिहून मोकळी होतात. आता सांगा पाहू, दारात आलेल्या कोणालाही घराची किल्ली द्यायची का?

करून पाहा

संगणक नसला तरी चालेल. चौकटीच्या वहीत १० × १० घरांचं चित्र काढा. काळ्या घराला १, पांढऱ्याला ०. दुसऱ्या खोलीतल्या मित्राला एकेक ओळ मोठ्यानं सांगा आणि ओळीच्या शेवटी त्या ओळीत १ किती आले तेही सांगा. मित्रानं मोजायचं. जुळलं तर '२२६', नाही जुळलं तर '४२६, पुन्हा सांग' असं ओरडायचं. एकदा मुद्दाम दोन शेजारची घरं उलटसुलट सांगा. चूक पकडली जाते का? नाही ना! मग ती पकडायला काय करावं, ते तुम्हीच शोधा.

आणि ही दोन कोडी :

१. २२७ नंतरच्या शेवटच्या दोन संख्या २०० आणि १० आहेत. दार कितवं?
२. ३३१, ४५२, ५५० यांपैकी कोणता आकडा आला तर थोडं थांबून तीच फाईल पुन्हा पाठवून पाहावी?

आई-बाबांसाठी

मुलांनी प्रोग्रॅम लिहायला घेतला, तर शेजारी बसा. सराव घरच्याच दोन संगणकांत करू द्या. परक्या सर्व्हरचं दार परवानगीशिवाय वाजवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहून ठेवू देऊ नका. मुलं प्रोग्रॅम मोठ्या कौतुकानं मित्रांना दाखवतात आणि त्याबरोबर पासवर्डही जातो. तुमच्या फोनमधले लेकरांचे लहानपणीचे फोटो दुसरीकडे ठेवून फोन रिकामा करणार असाल, तर आधी तिकडची दोन-चार पानं, म्हणजे दोन-चार फोटो, उघडून पाहा. सगळे आलेत का, ते मोजा. मगच पुसा.

(उत्तरे : १. २०० × २५६ + १० = ५१,२१०. २. ४५२. पहिला अंक ४ आहे ना! त्या सर्व्हरवर आत्ता जागा शिल्लक नाही, असा त्याचा अर्थ.)

चौकटींच्या खेळातली चूक कशी पकडली, ते मला जरूर लिहून पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!

– तुमच्या बाई